मोबाइलच्या स्क्रीनला किती पिक्सेल पुरेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळी जवळ आली की घरातले आणि ओळखीचे लोक मला फोनची माहिती पाठवून विचारतात, "हा घेऊ का?" त्यातले निम्मे प्रश्न स्क्रीनवर येऊन थांबतात. एचडी+ म्हणजे काय, फुल एचडी+ ला जास्त पैसे का मोजायचे, त्याच्याही वरचं काही घेतलं तर फरक दिसेल का. बरीच वर्षं ही उत्तरं तुकड्या-तुकड्यांत देत आलो, म्हणून एकदा सगळी एका जागी मांडली आहेत.

रिझोल्यूशन आणि पीपीआय यांत फरक काय?

रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवर एकूण किती ठिपके आहेत. पीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके बसवलेत. दिसण्याशी संबंध दुसऱ्या आकड्याचा आहे. 720×1600 ठिपके पाच इंचांत बसवले तर छान दिसतील, तेच पावणेसात इंचांवर पसरले तर विरळ होतील.

हिशोब घरीही करता येतो. लांबी आणि रुंदी यांच्या पिक्सेलचे वर्ग करून बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि कर्णाच्या इंचांनी भागा. शाळेतला पायथागोरस. 6.7 इंची स्क्रीन धरली तर एचडी+ (720×1600) चे 262 पीपीआय येतात, फुल एचडी+ (1080×2400) चे 393 आणि क्यूएचडी+ (1440×3200) चे 524. एकूण ठिपके अनुक्रमे 11.52 लाख, 25.92 लाख आणि 46.08 लाख. म्हणजे एचडी+ वरून फुल एचडी+ वर गेलात की ठिपके सव्वादोन पट होतात. नावातल्या एका "फुल"मध्ये एवढं सामावलेलं आहे.

डोळ्याला मुळात किती बारीक दिसतं?

डोळ्यांचे डॉक्टर ज्याला 6/6 नजर म्हणतात, ती साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखते. फोन 30 सेंटिमीटरवर धरला तर हे अंतर सुमारे 0.087 मिलिमीटर भरतं, म्हणजे 291 पीपीआय. 25 सेंटिमीटरवर धरला तर 349, आणि 40 वर धरला तर 218 पुरतात.

2010 मध्ये आयफोन 4 आला तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी हाच मुद्दा मांडला होता: दहा-बारा इंचांवर धरलेल्या वस्तूसाठी 300 च्या आसपास मानवी डोळ्याची मर्यादा येते. त्या फोनचे 326 पीपीआय होते, आधीच्या आयफोनच्या बरोबर दुप्पट. स्क्रीनची तपासणी करणाऱ्या डिस्प्लेमेट या संस्थेचे रेमंड सोनेरा यांनी लगेच आक्षेप घेतला की अगदी तल्लख डोळ्याचा विचार केला तर बारा इंचांवर 477 लागतील. मला दोघांचंही पटतं. एक सर्वसाधारण नजरेबद्दल बोलत होते, दुसरे सर्वोत्तम नजरेबद्दल. तिरकी रेघ जराशी तुटलेली असेल तर डोळा ती एका ठिपक्यापेक्षाही बारीक फरकावरून पकडतो, हेही खरं. म्हणून 300 ला लक्ष्मणरेषा समजू नका. 400 च्या आसपास मात्र बहुतेकांचं समाधान होतं.

आणि चाळिशी लागली असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. माझ्या काकांना "नव्या फोनवर अक्षरं पुसट दिसतात" अशी तक्रार होती. फोन बदलायची तयारी झाली होती. नंबर वाढला होता, एवढंच.

मग जास्त रिझोल्यूशनचा फोन बाजारात जास्त खपतो का?

नाही. याचा सगळ्यात बोलका पुरावा 2018 सालचा आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत रेडमी नोट 5 भारतात 9,999 रुपयांपासून आला. स्क्रीन 5.99 इंच, 1080×2160, म्हणजे 403 पीपीआय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयफोन एक्सआर आला, भारतातली किंमत 76,900 पासून. स्क्रीन 6.1 इंच, 828×1792, म्हणजे 326 पीपीआय. साडेसात पट किमतीच्या फोनमध्ये फुल एचडीसुद्धा नाही! तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्यांनी तेव्हा यावर भरपूर टीका केली आणि कागदावर ती चूक नव्हती. तरी 2019 मध्ये एक्सआर हा जगात सर्वाधिक विकला गेलेला फोन ठरला. पुढच्या आयफोन 11 ची स्क्रीन तेवढ्याच पिक्सेलची होती, आणि 2020 मध्ये पहिला क्रमांक त्याचा.

ज्यांनी तो फोन हातात घेतला, त्यांना रंग नीट दिसले, अक्षर नीट दिसलं, बॅटरी दिवसभर टिकली. 326 हा आकडा कुणाला टोचला नाही, कारण डोळ्याला टोचण्याच्या पातळीच्या तो वर होता. माझं मत इथेच ठरलं: रिझोल्यूशन ही उंबरठ्यासारखी गोष्ट आहे. त्याच्या खाली असाल तर ग्राहकाला रोज जाणवतं. तो एकदा ओलांडला की पुढे कितीही ठिपके वाढवा, त्यासाठी वेगळे पैसे मोजणारे फार थोडे.

कंपन्यांनी पिक्सेल वाढवून पाहिले नाहीत का?

पाहिले, चांगली दहा वर्षं शर्यत चालली. 2012 च्या शेवटी एचटीसीने पाच इंचांत 1080पी (म्हणजे 1080×1920, फुल एचडी) बसवलं. 2013 च्या डिसेंबरमध्ये व्हिवोने एक्सप्ले 3एस दाखवला, तो क्यूएचडी स्क्रीनचा पहिला फोन. पुढच्याच वर्षी एलजी जी3 ने 538 पीपीआय गाठले. 2015 मध्ये सोनीने एक्सपीरिया झेड5 प्रीमियम आणला: साडेपाच इंचांत 3840×2160 (यालाच 4के म्हणतात), तब्बल 806 पीपीआय.

आता त्या सोनीकडे जवळून पाहा. फोटो आणि व्हिडिओ सोडले तर तो फोन बाकी सगळं 1080पी मध्येच चालवायचा. मेन्यू, मेसेज, ब्राउझर, सगळं. म्हणजे विकत घेतलेल्या चार ठिपक्यांपैकी दिवसातला बहुतेक वेळ चौघं मिळून एकाचं काम करत होते. सोनीने 2019 मध्ये एक्सपीरिया 1 मधून पुन्हा 4के आणलं, लांबट 21:9 आकारात, आणि पुढची काही वर्षं चिकाटीने टिकवलं. 2024 च्या एक्सपीरिया 1 VI मध्ये मात्र ती साध्या फुल एचडी+ वर परतली.

सॅमसंगचीही हीच वाट. 2017 चा गॅलॅक्सी एस8 क्यूएचडी+ स्क्रीनचा होता, पण खोक्यातून काढल्यावर सेटिंग फुल एचडी+ वरच असायचं. 2020 च्या एस20 मध्ये 120 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र नव्याने काढणं) हवं असेल तर फुल एचडी+ वर उतरावं लागे, क्यूएचडी+ वर 60 च मिळत. पुढच्या वर्षी एस21 आणि एस21+ थेट फुल एचडी+ झाले, क्यूएचडी+ फक्त अल्ट्राकडे उरलं. प्लस मॉडेलला ते परत मिळालं 2024 च्या एस24+ मध्ये. पिक्सेल कमी केले म्हणून सॅमसंगचं दुकान बसलं नाही.

स्वस्त फोन एचडी+ चा घ्यावा का?

मराठी वाचणाऱ्या माणसाने शक्य असेल तर टाळावा, असं मी आग्रहाने सांगेन. सगळी चर्चा महागड्या फोनच्या 4के भोवती फिरते, पण खरा प्रश्न खालच्या टोकाला आहे. डिसेंबर 2023 मध्ये आलेला रेडमी 13सी घ्या: 6.74 इंची स्क्रीन, 720×1600, 90 हर्ट्झ. पीपीआय भरतात 260. म्हणजे 2018 च्या दहा हजारांच्या फोनपेक्षा स्क्रीन मोठी झाली आणि ठिपके निम्म्याहूनही कमी झाले. हा एकच फोन असा नाही, त्या किमतीतले बरेच फोन याच साच्यातले आहेत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 90 हर्ट्झ किंवा 120 हर्ट्झ असतं, एचडी+ कुठेतरी कोपऱ्यात.

इंग्रजी वाचणाऱ्याला 260 मध्ये भागवता येतं. देवनागरीचं तसं नाही. आपल्या ओळीत अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार बसतात आणि पायाशी उकार, ऋकार आणि जोडाक्षराचे पाय. तेवढ्याच उंचीत हे सगळं मावायचं, म्हणून मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. अँड्रॉइडमधला नेहमीचा 16 मापाचा मजकूर घेतला तर एचडी+ फोनवर त्याला सुमारे 32 पिक्सेल उंची मिळते, फुल एचडी+ वर 44 ते 48. आता "राष्ट्रीय" मधलं "ष्ट्री" डोळ्यांपुढे आणा. 32 ठिपक्यांत वर वेलांटी, मध्ये अर्धा ष, खाली ट आणि त्याच्या पायाशी र. "दुसऱ्या", "कैऱ्या", "तऱ्हा" यांतला तो चंद्रकोरीसारखा र तर खास मराठीचा, आणि बारीक अक्षरात सगळ्यात आधी गिचमिड होतो तोच.

आईसाठी फोन पाहत होतो तेव्हा दुकानात दोन फोन शेजारी ठेवून एकच बातमी उघडली, अक्षराचं माप सारखं ठेवलं. तिला पिक्सेल वगैरे काही सांगितलं नव्हतं. तिने एचडी+ वाला फोन आधी लांब धरला, मग जवळ आणला, आणि म्हणाली, "याच्यात अक्षर ओलं झाल्यासारखं दिसतंय." शाई फुटलेल्या वर्तमानपत्राची सवय असलेल्या माणसाचं ते वर्णन. याहून नेमकं मला आजवर सुचलेलं नाही.

बजेट अगदीच तोकडं असेल तर एखाद-दोन वर्षं जुन्या मॉडेलमध्ये फुल एचडी+ मिळतं का, ते आधी शोधा.

ई-पेपर आणि सातबारा वाचायला कुठली स्क्रीन लागेल?

दैनिकाचं पान आठ रकान्यांचं धरा. पूर्ण पान फोनच्या रुंदीत बसवलं तर एका रकान्याला एचडी+ वर 90 पिक्सेल येतात, फुल एचडी+ वर 135, क्यूएचडी+ वर 180. तिन्हींत मथळेच वाचता येतील, मजकूर नाही. झूम करावंच लागतं, आणि झूम केल्यावर कस लागतो तो पानाच्या मूळ चित्राचा, तुमच्या स्क्रीनचा नाही. सातबाऱ्याची किंवा आठ-अ ची पीडीएफ असेल तर फोन आडवा धरा. रोज अशी कागदपत्रं पाहणाऱ्यांनी मोठा फोन शोधण्याऐवजी साधा टॅबलेट घेतलेला बरा.

2के, 1.5के ही काय भानगड?

बाजारातली बोलीभाषा. फोनच्या दुनियेत 1440 पिक्सेल रुंदीच्या क्यूएचडी+ ला 2के म्हणायची पद्धत पडली. मग फुल एचडी+ आणि ते यांच्या मधल्या पॅनेलला 1.5के म्हणू लागले. रेडमी नोट 13 प्रो 5जी मध्ये 1220×2712 आहे, 6.67 इंचांत 446 पीपीआय. ही मधली पायरी मला आवडते. फुल एचडी+ पेक्षा अक्षराच्या कडा किंचित गुळगुळीत होतात आणि बॅटरीवर क्यूएचडी+ एवढा भार पडत नाही. पण केवळ त्यासाठी चार-पाच हजार जास्त देऊ नका.

एमोलेडमध्ये पिक्सेल "कमी" असतात असं ऐकलं. खरं आहे का?

एमोलेड म्हणजे ज्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो ती; एलसीडीत उजेड मागच्या दिव्याचा असतो. ऐकलंत ते अर्धं खरं आहे, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा. बोट पाण्यात बुडवून झटका आणि अगदी बारीक, मोहरीएवढा थेंब काचेवर पडू द्या. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्याच्या जागी लाल, हिरवे, निळे ठिपके चमकू लागतात. एलसीडी असेल तर प्रत्येक पिक्सेलमध्ये तीन रंगांच्या उभ्या पट्ट्या साधारण सारख्या दिसतील. एमोलेडवर हिरवे ठिपके लहान आणि दाट, लाल-निळे मोठे आणि संख्येने निम्मे. या मांडणीला पेनटाइल म्हणतात. (पाहून झालं की लगेच पुसा, आणि काचेला तडा असेल तर हा प्रयोग करू नका.)

म्हणजे एलसीडीत एका पिक्सेलमागे तीन रंगठिपके, तर पेनटाइल एमोलेडमध्ये दोन. फुल एचडी+ एलसीडीवर एकूण 77.76 लाख रंगठिपके असतात, तेवढ्याच रिझोल्यूशनच्या एमोलेडवर 51.84 लाख. एमोलेडवर क्यूएचडी+ ला थोडाफार अर्थ आहे तो यामुळेच. पण हिरवा रंग डोळ्याला तपशील सर्वांत जास्त पुरवतो आणि हिरवे ठिपके पूर्ण संख्येने असतात, म्हणून रोजच्या वापरात फरक कागदावर वाटतो तेवढा दिसत नाही. फुल एचडी+ एमोलेड आणि फुल एचडी+ एलसीडी समोर असतील तर मी एमोलेड घेईन, काळ्या रंगासाठी आणि उन्हातल्या उजेडासाठी.

रिझोल्यूशन वाढलं की बॅटरी लवकर संपते का?

संपते, पण किती ते कामावर ठरतं. ठिपके जास्त म्हणजे प्रत्येक फ्रेमला चिपला जास्त रंगवावं लागतं, आणि 120 हर्ट्झवर ते सेकंदाला 120 वेळा. एलसीडीत आणखी एक गोष्ट होते: ठिपके बारीक झाले की त्यांच्यामधल्या तारा-ट्रान्झिस्टरची जागा तुलनेने वाढते, मागचा उजेड कमी बाहेर येतो आणि बॅकलाइट वाढवावा लागतो. नुसतं वाचत बसलात तर फरक थोडा, गेम खेळताना जास्त. म्हणूनच बरेच जड गेम स्वतःहून कमी रिझोल्यूशनवर चित्र काढतात आणि मग ते ताणून स्क्रीनभर बसवतात.

फोनमध्ये रिझोल्यूशन बदलायची सोय असेल तर फुल एचडी+ वर ठेवून आठवडाभर वापरा. फरक जाणवला नाही तर तिथेच राहू द्या.

व्हिडिओ तरी जास्त चांगला दिसतो ना?

व्हिडिओ जेवढ्या दर्जाचा येतो तेवढाच दिसणार. नेटफ्लिक्सचा भारतातला मोबाइल प्लॅन 480पी चा आहे, तो कुठल्याही स्क्रीनवर 480पी च राहणार. फोनमध्ये वाइडवाइनची (व्हिडिओची चोरी रोखणारी सुरक्षा; एल1 वरची पातळी, एल3 खालची) एल1 पातळी नसेल तर महागडा प्लॅन घेऊनही बऱ्याच ओटीटी अॅपवर एचडी मिळत नाही. स्क्रीन फुल एचडी+ आणि वाइडवाइन एल3, असा फोन गळ्यात पडू शकतो. घेण्याआधी त्या मॉडेलची एवढी एक गोष्ट तपासा.

व्हॉट्सअॅपवर आलेली लग्नपत्रिका नव्या फोनवरही पुसट का?

पाठवताना व्हॉट्सअॅप फोटो आकसून पाठवतं, त्यात बारीक अक्षर जातं. स्क्रीनचा दोष नाही. पाठवणाऱ्याला "एचडी" निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

मग स्क्रीनमध्ये पाहायचं तरी काय?

फुल एचडी+ मिळालं की रिझोल्यूशनचा विचार तिथेच सोडा आणि फोन घेऊन दुकानाच्या दारात उन्हात उभे राहा. आपल्याकडे मार्च ते मे दुपारी बसस्टॉपवर किंवा शेताच्या बांधावर फोन पाहावा लागतो. यूपीआयचा क्यूआर कोड समोरच्याला दाखवताना, रिक्षाचा ओटीपी वाचताना स्क्रीन काळी ठिक्कर पडत असेल तर 500 पीपीआयचा काय उपयोग? जाहिरातीतला "पीक" निट्सचा (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आकडा स्क्रीनच्या छोट्या तुकड्यावर, क्षणभरासाठी मोजलेला असू शकतो. पूर्ण पांढऱ्या पानावर उन्हात किती उजेड मिळतो ते महत्त्वाचं.

मग अंधारात उजेड किती खाली उतरतो ते पाहा. काही एमोलेड पॅनेल कमी उजेडावर झपाट्याने उघडझाप करतात, आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. ज्यांना रात्री वाचायची सवय आहे त्यांनी हे जरूर तपासावं. रिफ्रेश रेटचा, म्हणजे हर्ट्झचा, फरक खरा आहे, स्क्रोल करताना अक्षर कमी फरपटतं. पण 720पी वर 120 हर्ट्झ आणि 1080पी वर 90 हर्ट्झ यांतून निवडायचं झालं तर मी डोळे मिटून दुसरा घेईन.

व्हीआरसाठी 4के फोन लागतो म्हणतात?

व्हीआर म्हणजे डोळ्यांभोवती उभं राहणारं आभासी दृश्य. त्यासाठी फोन भिंगामागे, डोळ्याला चिकटवून पाहायचा असेल तर लागतो, कारण तिथे प्रत्येक ठिपका मोठा होऊन दिसतो. पण फोन डब्यात घालून व्हीआर पाहण्याचा काळ सरला. गुगलने आपलं डेड्रीम हे फोनवरचं व्हीआर 2019 मध्येच आवरतं घेतलं. यासाठी फोन निवडू नका.

स्क्रीन फुटली तर?

इथे जास्त पिक्सेलची किंमत पुन्हा मोजावी लागते. क्यूएचडी+ एमोलेडचं पॅनेल, त्यातही वक्र काचेचं, फार महाग पडतं. दुरुस्तीवाले ज्याला "कॉम्बो" म्हणतात, म्हणजे डिस्प्ले आणि टच एकत्र, त्याचा भाव फोन घेण्याआधीच विचारून ठेवा. माझा एक फोन मी घाईत एका दुकानात दिला होता. परत आला तेव्हा रंग फिके आणि अक्षरं जाड दिसू लागली. मूळ एमोलेड काढून त्या जागी कॉपी एलसीडी बसवला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याच्या थेंबाने तेही उघड झालं: हिरव्या दाट ठिपक्यांच्या जागी तीन रंगांच्या सरळ पट्ट्या. तेव्हापासून बिलावर पॅनेल कोणतं ते लिहून घेतो, आणि तुम्हीही घ्या.

एचडी+ फोन घेऊन बसलोय. आता काय करू?

फोन बदलायची घाई नको. सेटिंगमध्ये अक्षराचं माप एक-दोन पायऱ्या वाढवा, म्हणजे प्रत्येक अक्षराला जास्त ठिपके मिळतील. ठळक अक्षराचा पर्याय असेल तर चालू करून पाहा. काहींना त्याने बरं वाटतं, पण जोडाक्षरं भरून गेल्यासारखी वाटली तर बंद करा. ब्राउझरमध्ये वाचन मोड वापरा, आणि ई-पेपरच्या पानावर बातमीला टॅप केल्यावर ती मजकूर म्हणून उघडत असेल तर तशीच वाचा. पुस्तकं पीडीएफऐवजी ईपब स्वरूपात मिळाली तर घ्या, त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. आईच्या बहिणीकडे असाच फोन आहे. माप वाढवल्यापासून ती रोज सकाळी त्यावर हरिपाठ वाचते.